घरात पोल बसवायचाय? आधी छत बघा, मग पोल

ग्वाल्हेर : पोल फिटनेस किंवा पोल डान्सचा सराव घरीच करायचा असं ठरलं की पहिली शोधाशोध मोबाईलवर सुरू होते. क्रोमचा घ्यावा की पितळेचा, 45 मिलिमीटरचा की 50 चा, फिरणारा की स्थिर. सगळे प्रश्न रास्त आहेत, पण ते दुसऱ्या नंबरचे. लष्कर भागातल्या जुन्या घरात राहणाऱ्याने आधी मोबाईल बाजूला ठेवावा आणि मान वर करून छताकडे बघावं. पोल चांगला की वाईट हे दुकानदार सांगेल. तो घरात उभा करावा की नाही हे छतच सांगणार.

कारण घरी वापरायचे बहुतेक पोल भोकं पाडून, बोल्ट ठोकून बसवत नाहीत. ते जमीन आणि छत यांच्यात दाबून बसतात. पोलच्या आत आट्यांचा जॅक असतो. तो फिरवला की पोल लांबतो, खाली रबराचा तळ आणि वर गोल थाळी घट्ट दाबली जाते, आणि त्या दाबाच्या जोरावर पोल जागेवर राहतो. गाडीचं चाक बदलताना तीनशे-चारशे किलोचा कोपरा एका हाताने उचलणारा जॅक सगळ्यांनी पाहिलाय. तत्त्व तेच. फरक इतकाच की इथे गाडीच्या जागी तुमच्या घराचं छत आहे.

एका पटियाचं वजन

1810 मध्ये दौलतराव शिंद्यांनी इथे तळ दिला आणि छावणीचं शहर झालं, नावच लष्कर पडलं. शिंद्यांबरोबर आलेल्या मराठी कुटुंबांची जुनी घरं याच भागात. या शहराच्या आसपास वाळूचा दगड मुबलक, त्यामुळे इथली जुनी छतं लाकडाची किंवा कौलांची कमी, दगडाची जास्त. दगडाच्या लांब लाद्या, ज्यांना इथली मराठी माणसंही हिंदीसारखं ‘पटिया’च म्हणतात, एका भिंतीवरून दुसऱ्या भिंतीवर किंवा लोखंडी गर्डरवरून गर्डरवर टाकायच्या, सांधे चुन्याने किंवा सिमेंटने भरायचे, वर गच्चीचा थर द्यायचा. उन्हातान्हात पिढ्यान् पिढ्या टिकलेली ही छतं आहेत आणि त्यांना नावं ठेवायचं काही कारण नाही. पण ती वरून येणारं वजन पेलण्यासाठी बनलेली आहेत. खालून रेटा येईल असं कुठल्या गवंड्याने धरलं असणार?

साधा हिशेब करून बघा. आठ फूट लांब, दीड फूट रुंद, दोन इंच जाड पटिया म्हणजे दोन घनफूट दगड. वाळूचा दगड घनफुटाला साधारण 65 किलो भरतो. म्हणजे एका पटियाचं वजन सुमारे 130 किलो. ती टेकलेली आहे दोन टोकांना, आणि बांधलेली जवळजवळ कशालाच नाही. स्वतःच्या आणि वरच्या थराच्या वजनाने ती जागेवर बसलीय. तिच्या मधोमध पोलची थाळी लावून जॅक आवळला तर काय होतं? दगड दाब छान सोसतो, पण वाकवलं की तडकतो. वरच्या थराच्या वजनामुळे पटिया लगेच उचलली जाणार नाही हे खरं, पण सांधे सैल व्हायला उचलली जाण्याची गरज नसते. केसाइतकी हलली तरी सांध्यातला जुना चुना भुकटी होऊन गळायला लागतो. मग पावसाळ्यात तिथून पाणी. आणि पाणी मुरलेल्या, जुनी चीर असलेल्या पटियाखाली रोज संध्याकाळी कुणीतरी पोलला लटकतंय, शेजारी लहान भावंडं बघत बसलीत, हे चित्र डोळ्यांसमोर आणलं की बाकीचं सांगावं लागत नाही.

आता याच्या शेजारी सिमेंट-काँक्रीटचा स्लॅब ठेवा. दहा बाय बारा फुटांच्या खोलीवरचा पाच इंची स्लॅब साडेतीन टनांच्या आसपास भरतो आणि तो सगळा एकसंध असतो, सळयांनी भिंतीतल्या बीमशी बांधलेला. पोलचा दाब त्याच्या मानाने किरकोळ. म्हणून ठाटीपूर-मुरारकडच्या नव्या फ्लॅटमध्ये जी गोष्ट बिनघोर करता येते तीच महाराज बाड्याजवळच्या जुन्या वाड्यात धोक्याची ठरते. पोल तोच, आवळणारा हात तोच. फरक वरच्या तुकड्याच्या वजनाचा.

यात अजून एक भर पडते ती बाजूच्या ओढ्याची. माणूस पोलला धरून नुसता उभा राहत नाही, गिरक्या घेतो. साठ किलोचा माणूस अर्ध्या मीटरच्या घेऱ्यात सेकंदाला दोन मीटर वेगाने फिरला तर पोलवर बाजूने जवळपास 50 किलोचा ओढा पडतो, आणि तो क्षणाक्षणाला दिशा बदलतो. जितक्या वर धराल तितका त्यातला मोठा वाटा छताकडच्या टोकावर जातो. म्हणजे थाळी नुसती वर दाबत नाही, घासटतेसुद्धा.

दगडी छताच्या घरात मग काहीच मार्ग नाही का? एक आहे. गर्डर असेल तर गर्डरला धरणारा लोखंडी पंजा बनवून त्याच्याखाली पोल घेता येतो, कारण गर्डरवर दोन्ही बाजूंच्या पटियांचं वजन असतं. पण गर्डरची खालची पट्टी चार-पाच इंचांची, पोलची थाळी त्याहून मोठी. नुसती टेकवून चालत नाही. हा पंजा स्ट्रक्चरल इंजिनिअरने घर बघून सांगितला तरच करायचा. वेल्डिंगवाला ‘हो जाएगा’ म्हणाला एवढ्यावर नाही. विटांची ‘डाट’, म्हणजे गर्डरांमधल्या बुटक्या कमानींचं छत, असेल तर तर विषयच सोडा. कमान वरच्या वजनाने आवळली जाते म्हणून उभी असते. तिला खालून टेकू दिला की तीच सैल पडते.

सीमेच्या अलीकडे-पलीकडे

हे फक्त ग्वाल्हेरचं दुखणं नाही. बेळगाव-खानापूर-निपाणी पट्ट्यातल्या जुन्या घरांवर मंगळुरी कौलं, खाली वासे आणि बऱ्याच ठिकाणी लाकडी माळा. त्या माळ्याच्या फळीला पोल दाबला तर फळी वर जाणार, पोल खाली येणार. बिदर-भालकीकडे किंवा मराठवाड्यात धाब्याची घरं, लाकडी सरे आणि त्यावर माती. तिथेही दाबाचा पोल नको. पुण्यात किंवा बेंगळुरूला नोकरीसाठी गेलेल्या मुला-मुलींच्या फ्लॅटमध्ये स्लॅब पक्का असतो, पण त्याच्याखाली पीओपीचं खोटं छत लटकवलेलं असतं. ते हाताने ठोकलं तर पोकळ वाजतं. थाळी त्याला लावली तर पहिल्याच गिरकीला भोक पडेल. पोल बसवायचाच असेल तर तेवढा भाग कापून थाळी थेट स्लॅबला भिडवावी लागते. घर भाड्याचं असेल तर हे मालकाला आधी सांगावं, नाहीतर डिपॉझिट गेलं म्हणून समजा. स्लॅबचा गिलावा सुटत असेल, गंजलेल्या सळया दिसत असतील, तर तो स्लॅब असूनही नसल्यासारखाच. बाल्कनीच्या छतालाही पोल लावू नये.

जमिनीचंही बघायचं असतं. पॉलिश केलेल्या कोटा फरशीवर रबराचा तळ बरा बसतो, फक्त फरशी कोरडी आणि धूळ नसलेली हवी. व्हिट्रीफाइड टाइल्स रुपयाच्या नाण्याने ठोकून बघा. जिथे पोकळ आवाज येतो तिथे खाली सिमेंट भरलेलं नाही, दाबाखाली टाइल तडकणार.

आणि पंखा. परदेशी कंपन्यांच्या सूचना वाचून पोल बसवणाऱ्यांच्या हे लक्षातच येत नाही, कारण तिकडच्या खोल्यांत छताला पंखा नसतो. आपल्याकडे खोलीचा बरोब्बर मध्य पंख्याने अडवलेला. पोलभोवती चारी बाजूंना निदान पाच फूट मोकळं लागतं, पाय पसरले की तेवढे जातातच. मग एकतर पंखा काढून भिंतीवरचा लावा, नाहीतर दुसरी खोली शोधा. ‘सराव करताना पंखा बंद ठेवू’ हा उपाय नाही. घरात कुणीतरी येऊन सवयीने बटण दाबतंच.

आता पोलकडे

छताने होकार दिला तर पुढचं सोपं आहे. मापापासून सुरुवात करा. बाजारातल्या बहुतेक दाबाच्या पोलची मूळ उंची साधारण सव्वासात ते नऊ फूट या टप्प्यात बसते. नव्या फ्लॅटला ती पुरते. जुन्या लष्करी घरांची बारा-बारा फुटांची छतं असतील तर जोड-नळ्या लागतात, आणि जितके जोड जास्त तितका पोल जास्त लवतो. उंच छत म्हणजे भारी सराव, असं काही नसतं.

जाडी 45 मिलिमीटरची घ्यावी. आंतरराष्ट्रीय स्पर्धांत हीच रूढ आहे आणि बहुतेकांच्या मुठीत ती नीट बसते. 50 मिलिमीटरचा पोल मोठ्या पंजाच्या माणसाला बरा, पण तळहात लहान असेल तर बोटं पुरी मिटत नाहीत आणि सगळा ताण मनगटावर येतो. आपल्याकडे 50 चा मोह वेगळ्या कारणाने होतो. जिन्याच्या रेलिंगचा स्टीलचा पाइप याच जाडीत मिळतो, आणि ओळखीचा फॅब्रिकेटर निम्म्याहून कमी पैशांत ‘तसाच’ पोल करून देतो म्हणतो. रेलिंगचा पाइप बहुतेकदा एक-दीड मिलिमीटर पत्र्याचा असतो. तो कठडा म्हणून ठीक, माणूस लोंबकळण्यासाठी नाही. मधेच चेपला की तिथून वाकतो. सांध्यावर राहिलेली वेल्डिंगची धार उघड्या मांडीवर काय करते ते वेगळं सांगायला नको. स्थानिक कारागिराकडून करून घ्यायचंच असेल तर जाड भिंतीचा बिनजोड पाइप, आतून बसणारा जोड आणि किती किलो पेलेल हे लेखी, या तीन गोष्टींवर अडून बसा. पडद्याच्या दांडीसारखे स्प्रिंगवर अडकणारे स्वस्त पोल ऑनलाइन दिसतात. ते मुलांच्या खेळातसुद्धा नकोत.

फिरणारा पोल दिसायला आकर्षक. आत बेअरिंग असतं आणि पोल माणसासकट फिरतो. शिकणाऱ्याने मात्र स्थिर पोलवरच सुरुवात करावी, कारण फिरत्यावर वेग आपल्या हातात राहत नाही, चक्कर आली तर उतरायचं कसं हेही सुचत नाही. स्थिर आणि फिरता दोन्ही करता येणारे पोल मिळतात. त्यात स्थिर ठेवणारे स्क्रू असतात, ते दर वेळी तपासायचे.

धातूची निवड ग्वाल्हेरच्या हवेवर सोडून द्यावी हे उत्तम. मे-जूनमध्ये पारा 45 च्या पुढे जातो, घरोघरी कूलर सुरू होतो, आणि कूलर म्हणजे खोलीत ओलावा. घामेजलेला तळहात, त्यात ओली हवा आणि गुळगुळीत क्रोम, हात सटकलाच. पितळेवर पकड जास्त बसते. घाम येणाऱ्यांना म्हणून पितळ बरं, फक्त ते लवकर काळवंडतं, हाताला वास येतो आणि अंगठीने ओरखडे पडतात. जानेवारीत उलटी तऱ्हा. धातू गारठलेला, कातडी कोरडी, आणि कोरडी थंड कातडी कुठल्याच पोलला धरत नाही. आधी अंग गरम करायचं, पोल सुक्या फडक्याने चोळून घ्यायचा, मगच वर चढायचं. पावडर कोटिंगचा पोल दोन्ही ऋतूंत निभावतो, पण घसरत्या हालचालींना अडतो. खोट्या कानातल्यांनी ज्यांच्या कानाला खाज सुटते त्यांना बहुधा निकेल सोसत नाही. क्रोमच्या मुलाम्याखाली निकेलचा थर असतो, तेव्हा त्यांनी क्रोम टाळावा.

उन्हाळा-हिवाळ्याच्या या फरकाचा आणखी एक परिणाम होतो. नऊ फुटांचा स्टीलचा पोल तीस अंशांच्या फरकाने जवळजवळ एक मिलिमीटर लांबतो किंवा आखडतो. दाबावर उभ्या असलेल्या गोष्टीला एक मिलिमीटर पुष्कळ होतो. दिवाळीत घट्ट बसवलेला पोल पौषात सैल असू शकतो. म्हणून चढण्याआधी दर वेळी दोन्ही हातांनी हलवून, पिळून बघायचं, आणि महिन्याकाठी ओळंबा लावायचा. पोल एका अंगाला कलला असेल तर तो आवळून सरळ होत नाही, उतरवून पुन्हा बसवावा लागतो.

खाली जाड मॅट हवीच, चार इंचांची तरी, पोलला मधे खाच असलेली. कापसाची गादी चालत नाही, फरशीवर ती पायाखालून सरकते. खोलीला आतून कडी लावू नये आणि घरात कुणी नसताना उलटं लटकायचा सराव करू नये. पडल्यावर हाक ऐकायला माणूस लागतं.

छत ‘नाही’ म्हणालं तर

तळाच्या जड चौथऱ्यावर उभा राहणारा पोल मिळतो, त्याला छत लागतच नाही. लोखंडी पाट्या जोडून तो उभा करतात, वजन पन्नास किलोच्या पुढे जातं, जागा बरीच खातो आणि थोडा डुलतो. पण दगडी छताच्या किंवा भाड्याच्या घरात तोच सरळ मार्ग. तो गच्चीवर नेऊ नये, एवढंच. कठड्याशेजारी तोल गेला तर मॅट कामाची नाही.

झोपाळ्याच्या कड्यांना दोर बांधून दोरीचा मल्लखांब करावा, ही कल्पना मराठी घरात हमखास निघते. कडी झोपाळ्याचा संथ भार पेलते म्हणून झटके पेलेलच असं नाही. दोरावरून घसरत येऊन एकदम थांबलं की शरीराच्या वजनाच्या कितीतरी पट ओढा बसतो. जुनी कडी कशात अडकवलीय, गर्डरमध्ये की दोन पटियांच्या फटीत, हे बघितल्याशिवाय तिच्यावर जीव टांगू नये.

अंगण किंवा परसदार असेल त्याला मात्र वेगळाच पर्याय खुला आहे आणि तो आपल्याच घरातला आहे. पुरलेला मल्लखांब. सागवानी किंवा शिसवी लाकूड, जमिनीवर 2.6 मीटर उंच, बुंध्याशी घेर साधारण 55 सेंटिमीटर आणि वर निमुळता होत 35 पर्यंत. 45 मिलिमीटरच्या पोलचा घेर भरतो 14 सेंटिमीटर. म्हणजे पोल मुठीत धरायचा असतो आणि मल्लखांबाला मिठी मारायची असते. पोलवर कातडीची पकड हवी म्हणून तेल-क्रीम वर्ज्य, तर मल्लखांबाला एरंडेल लावतात, घर्षण कमी व्हावं म्हणून. ताकद बऱ्याच अंशी तीच लागते, तंत्र वेगळं. पोल शिकायचाय म्हणून मल्लखांबावर भागेल असं नाही, पण ज्याला मुळात उभ्या खांबावर अंग कमवायचंय त्याचं भागतं. शिवाय पुरलेला खांब छताला काही विचारत नाही.

घरातल्या वडीलधाऱ्यांशी बोलतानाही याची मदत होते. पोल म्हटलं की काहींच्या डोळ्यांसमोर सिनेमातला बार येतो, आणि ‘हे काय खूळ’ हा प्रश्न येतोच. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी मल्लखांब पुन्हा उभा केला तेव्हा तो पैलवानांचा जोड-व्यायाम होता. मुलींची स्पर्धा बराच काळ दोरीवर होत आली. मध्य प्रदेशने 2013 मध्ये मल्लखांबाला राज्यखेळ केलं, उज्जैनचे प्रशिक्षक योगेश मालवीय यांना 2020 चा द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला. पोल स्पोर्ट्सच्या आंतरराष्ट्रीय महासंघालाही 2017 मध्ये जागतिक क्रीडा संघटनांच्या संघात निरीक्षकाचा दर्जा मिळाला. एवढं सांगून आजीबाई पटतीलच असं नाही. पण वाद निदान कपड्यांवरून व्यायामाकडे सरकतो. पोलला उघडी कातडी लागते ती पकडीसाठी, हेही तिथेच सांगून टाकावं.

शिकवणारं कुणी हवं असेल तर 1957 पासून ग्वाल्हेरात लक्ष्मीबाई राष्ट्रीय शारीरिक शिक्षण संस्था आहे, त्यामुळे व्यायामशास्त्र शिकलेली माणसं या शहरात शोधायला अवघड नाहीत. खांदे, मनगट आणि पाठ पोलला तयार आहेत का हे त्यांच्याकडून पाहून घ्यावं. छताची खात्री करायला मात्र इंजिनिअरच लागतो. त्याला बोलावताना ‘जिमचं सामान बसवायचंय’ असं मोघम सांगू नका. खालून किती दाब येणार, बाजूला किती ओढा बसणार आणि थाळीचा व्यास किती, हे पोलच्या माहितीपत्रकातून कागदावर उतरवून त्याच्या हातात द्या. मगच तो नीट उत्तर देऊ शकेल. पोलची ऑर्डर त्याच्या उत्तरानंतर.